कोरियन मुलांच्या वर्गात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात बिरवाडी येथे केलेले भाषण)



 आम्ही २०१३ साली दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवावयास गेलो होतो, हे बिरवाडीत सर्वांस ठाऊक आहे. तेथे काय झाले, ते मात्र आम्ही कोणाजवळ फारसे बोललो नाही. आज बोलतो.

कोरिया आता आपणांस अगदीच परका राहिलेला नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना आहे. त्याच्याही आधी, १९५३ साली युद्धबंद्यांच्या देखरेखीसाठी भारताने तिकडे जी सेना धाडली, तिचे अधिपत्य कोल्हापूरकडील मेजर जनरल थोरात यांच्याकडे होते. आम्ही गेलो ते केवळ बी. एड.चा कागद घेऊन.

तेथील शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक म्हणून सामान्यतः ज्या ७ देशांचे नागरिक घेतात, त्यांत भारत नाही. परंतु १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात इंग्रजीच्या सहायक शिक्षकांची तरतूद आहे, आणि त्या वाटेने आम्हांस प्रवेश मिळाला. एका दलालाने या कामाचे दोन लाख रुपये मागितले होते. आमच्या तीर्थरूपांनी नदीकाठचे शेत गहाण टाकण्याची तयारीही केली होती. अर्ज दलालावाचून थेट करता येतो, हे आम्हांस ऐन वेळी कळले म्हणून शेत वाचले. मंडळींनी हे एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तेथे शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. कडाक्याची थंडी, दाराशी जोडे काढून आत निराळ्या सपाता घालावयाच्या, आणि मुले कमरेत वाकून नमस्कार करणार. शिक्षकास ती ‘सोन्सेंग-निम’ म्हणतात. ‘सोन्सेंग’चा शब्दशः अर्थ ‘आधी जन्मलेला’, आणि ‘निम’ हे आपल्या ‘जी’सारखे. आम्ही सुखावलो. तोच मागच्या बाकावरील एका मुलाने आमच्या सहकारी कोरियन बाईंना काहीतरी विचारले, आणि बाईंचा चेहरा उतरला. खोदून विचारता समजले की, ‘खरे इंग्रजीचे शिक्षक केव्हा येणार?’ असा त्याचा प्रश्न होता.

त्या रात्री झोप आली नाही. मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या मनात आले तेच आमच्याही मनात पूर्वीपासून होते. आम्ही इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरविली, तीही मराठी शाळेत. गोऱ्या शिक्षकापुढे आमची किंमत ती काय?

उत्तर मिळण्यास दोन महिने लागले, आणि ते मुलांच्या चुकांतच सापडले. एक मुलगी म्हणाली, ‘आय टुमॉरो स्कूल गो.’ हे तर आपलेच वाक्य! ‘मी उद्या शाळेत जातो’ याचीच ही मांडणी. कोरियन भाषेतही क्रियापद शेवटी येते, शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, आणि ‘अ’ व ‘द’ ही उपपदे नाहीतच. मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापदाचे रूपही बदलते. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यास वाक्य चुकले एवढे पुष्कळदा कळते. ते कोठे घसरले हे सांगणे त्याला अवघड जाते, कारण त्या वाटेवर तो स्वतः कधी पडलेला नसतो. आम्ही तेथेच पडलो होतो. आपल्याकडील म्हातारी माणसे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करतात. तिकडे ‘स्ट्राइक’चे ‘स-त-रा-इ-क’ होते. जोडाक्षराची धास्ती दोन्हीकडे तीच. आम्ही फळ्यावर आमची जुनी चुकीची वाक्ये लिहू लागलो, तेव्हा वर्ग प्रथमच हसला. मग बोलूही लागला.

आमचे उच्चार सर्वस्वी निर्दोष होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतील भेद आम्ही त्याच मुलांबरोबर ध्वनिफिती लावून शिकलो. पालकांची एक तक्रार आली होती, ती याच कारणाने, आणि ती रास्त होती.

ही मुले लेखी परीक्षेत आपल्या मुलांस मागे टाकतील. परंतु तोंड उघडावयास भितात. नोव्हेंबरातील प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाच्या प्रश्नांच्या वेळी देशभर विमानांचे चढणे-उतरणे सुमारे ३५ मिनिटे थांबवितात! एवढा भार ज्या विषयावर, त्यात चुकून कसे चालेल?

एकटेपणही होतेच. भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा छुसॉक सण आला. त्या दिवशी पितरांस नैवेद्य दाखवितात. सहकारी बाईंनी तांदळाच्या पिठाची, आत गोड सारण भरलेली, चीडाच्या पानांवर वाफविलेली अर्धचंद्राकृती सोंगप्यॉन आणून दिली. हळदीच्या पानातील पातोळ्या आठवून आमचा घास घशाशी अडला.

मागच्या बाकावरील त्या मुलाने आमची स्तुती कधी केली नाही. डिसेंबरात एकदा तो म्हणाला, ‘आय टुमॉरो’, मग थांबला, मान हलविली, आणि सबंध वाक्य पुन्हा नीट म्हटले. आम्ही काही बोललो नाही.

मंडळाच्या चिटणीसांनी शाळेची एक खोली रविवारी सकाळी देऊ केली आहे. सातवीच्या पुढील मुलामुलींनी ८ वाजता यावे, फी नाही. पहिले चार रविवार वही आणू नये, कारण तेवढे दिवस आपणांस केवळ बोलावयाचे आणि चुकावयाचे आहे.