चैत्रांतली बाग आणि पाण्याचा ताण



गुढीपाडवा आला म्हणजे परभणींत घरोघरीं कडुलिंबाचा मोहोर उतरवला जातो. ऊन चढत असतां, विहिरींचें पाणी खालीं जात असतां, हें झाड जुनीं पानें टाकून तांबूस पालवी धारण करतें आणि फुलतें. तें खोल मुळांच्या बळावर हें साधतें, असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही आहे. पण अंगणांतल्या मोगऱ्याचें काय? त्याचीं मुळें तर फारशीं खोल नाहींत. तरी त्याचा भर ह्याच दिवसांत येतो.

ह्या प्रश्नाला आमच्या भागांत विशेष महत्त्व आहे. २०१६ सालच्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. अशा मुलखांत फुलझाडांना पाणी घालणाऱ्या गृहिणीच्या मनांत संकोच असतोच. पिण्याच्या पाण्याची ही तऱ्हा, आणि मोगऱ्याचे कसले लाड! माझें म्हणणें असें कीं, मोगऱ्याला लाडांची गरजच नाहीं.

संत्र्या-मोसंब्यांचे बागाईतदार हें चांगलें जाणतात. आंबे बहार धरावयाचा तर ते आधीं झाडाचें पाणी तोडतात. ह्यालाच ते 'ताण देणें' म्हणतात. तहानेनें वाढ थांबते, अन्नरस फांद्यांत सांठून राहतो, आणि पुढें पाणी मिळतांच झाड कळ्या धरतें. मोगऱ्याचेंही तसेंच. डिसेंबर-जानेवारींत पाणी आंखडावें. मग फांद्या छाटून पानें उतरवावीं, बुडाशीं कुजलेलें शेणखत घालावें आणि पाणी सुरू करावें. कळी नव्या फुटीवर येते, म्हणून कात्री चालविण्यास कचरूं नये. बाराही महिने घागरी रित्या करणाऱ्या घरचा मोगरा पाहावा : पानें तुकतुकीत, फुलें मोजून चार! बोगनवेल तर ह्याहून मानी. पाणी अधिक झालें कीं ती नुसती पसरते. तिचा जो रंग आपण वाखाणतों तीं फुलें नव्हेतच, तीं पानांचींच रूपें. खरें फूल त्यांच्या मधोमध, इवलेंसें, पांढुरकें.

कळ्या दिसूं लागल्यावर मात्र ताण पुरे. नाहीं तर त्या गळतात. आणि येथें आमची काळी माती आडवी येते. वाळतांना ती आकसून भेगाळते, कोवळीं मुळें तुटतात, आणि भेगेंत ओतलेलें पाणी मुळांना न भेटतां खालीं निघून जातें. म्हणून आधीं खुरप्यानें भेगा बुजवाव्या आणि वर कडुलिंबाच्या गळलेल्या पानांचा जाड थर पसरावा. (हीं पानें गोळा करून जाळणारांपुढें मी हात टेकले आहेत.) झाडाजवळ साधा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा, अंगांतून पाझरणारें पाणी मुळें हवें तेवढें ओढून घेतात. चीनमधील सुमारें २,००० वर्षांपूर्वींच्या एका कृषिग्रंथांत ही युक्ति नमूद आहे. माठावर झांकण अवश्य हवें, नाहीं तर डांस होतात. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी त्यांत घालूं नये, छिद्रें बुजतात. तें सरळ आळ्यांत ओतावें.

पहिला भर ओसरला कीं फुलून गेलेल्या फांद्यांचे शेंडे हलकेच खुडावे आणि मूठभर खत द्यावें. मृगापूर्वीं नवी फूट पुन्हां कळ्या घेऊन येते.