नोंद, गणना आणि मानवी हक्क

मानवी हक्क म्हटले की राज्यघटना, कायदा व न्यायालय यांचे स्मरण होते. परंतु हक्काचे रक्षण अनेकदा गावच्या नोंदवहीपासूनच सुरू होते. ज्याच्या मृत्यूची नोंदच नाही, त्याच्या कुटुंबाने न्याय कोणत्या आधारावर मागावा?

नोंदीतून निसटलेल्यांचा अदमास घेण्याची एक पद्धत भारतातील अनुभवातूनच सिद्ध झाली. कलकत्त्याजवळील सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात निबंधकाची यादी आणि घरोघर केलेली यादी यांचा मेळ घालून चंद्रशेखरन व डेमिंग यांनी ती १९४९ साली मांडली. समजा, आर्णी तालुक्यातील एखाद्या गावी ग्रामपंचायतीच्या वहीत ४० मृत्यू आहेत, स्वतंत्र पाहणीत ३० आढळले आणि २४ नावे दोन्हींत आहेत. पाहणीतील शेकडा ८० मृत्यू वहीत सापडले. म्हणून वहीतील ४० हे एकूण मृत्यूंच्या शेकडा ८० मानावयाचे. एकूण मृत्यू ५० ठरतात. दोन्ही याद्यांत मिळून नावे मात्र ४६. चौघे कोठेच नाहीत. याच तत्त्वाचा विस्तार करून पेरू देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली तेथील हिंसाचाराच्या बळींची संख्या सुमारे ६९ हजार ठरविली. प्रत्यक्ष नोंदी त्याहून पुष्कळच कमी होत्या.

याद्या परस्परांपासून स्वतंत्र असणे मात्र आवश्यक आहे. कोलामांचे पोड, बंजारा तांडे वा स्थलांतरित मजूर दोन्हींतून सुटत असतील, तर अंदाजही अपुराच निघतो.

व्याख्येचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या यवतमाळ जिल्ह्यास तो नवा नाही. पोलिसांची नोंद मृताचा व्यवसाय पाहते. शासकीय साहाय्यासाठी जमीन व कर्ज यांची कागदपत्रे तपासली जातात. शेतात राबणारी स्त्री एका यादीत गृहिणी ठरू शकते, तर मक्त्याने जमीन कसणारा दुसऱ्या यादीबाहेर राहू शकतो.

ख्रिस्तोफर फॅरिस या अमेरिकन संशोधकाने २०१४ साली आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. हक्कभंगावरील देखरेख काळानुसार कडक होत जाते; त्यामुळे परिस्थिती सुधारत असूनही अहवालांत ती तशी दिसत नाही. म्हणून ज्या गावची नोंद वाढली, तेथील ग्रामसेवकास दोष देण्यापूर्वी वाढ घटनांची की दक्षतेची, हे तपासावे. आकडा वाढल्याबद्दल ठपका येऊ लागला, तर पुढील वर्षी वही कोरी राहील.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. कायद्याची उणीव नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्य यांनी आपापल्या याद्या स्वतंत्रपणे कराव्यात आणि वर्षातून एकदा ताडून पाहाव्यात. जी नावे एकाच यादीत आढळतील, त्यांच्या घरी प्रथम जावे.