सत्याणुव्रताचे अतिचार आणि गूगलचा त्याग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांबरोबर त्यांचे पाच-पाच अतिचारही सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांवरून वाचकाची नजर सहसा भरकन पुढे जाते. खोटे बोलू नये, एवढ्यात विषय आटोपला असे वाटते. वस्तुतः त्या पाचांतील तीन अतिचार असे आहेत की ते घडण्यासाठी उघड असत्य उच्चारावेच लागत नाही. स्त्री-पुरुषांनी एकांतात केलेली गोष्ट प्रकट करणे हे रहोभ्याख्यान. ठेव ठेवणाऱ्याला तिची संख्या आठवेनाशी झाली आणि तो कमी मागू लागला, तर त्याच्या विस्मरणाला नुसता होकार देऊन उरलेले ठेवून घेणे हा न्यासापहार. आणि प्रसंगावरून, मुद्रेवरून, भुवईच्या हालचालीवरून दुसऱ्याच्या मनातले ताडून ते उघड करणे हा साकारमंत्रभेद. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत या शब्दांचा जो उलगडा केला, तो वाचताना आजच्या एका महाकाय कंपनीचा कारभार डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

गूगल ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत स्थापन झाली. १ एप्रिल २००४ रोजी तिने जीमेल सुरू केले तेव्हा इतर सेवा दोन-चार मेगाबाइट जागा देत असत; गूगलने एक गिगाबाइट दिली, तीही विनामूल्य. मोबदला वेगळ्या वाटेने वसूल होत होता. पत्रांतील मजकूर यंत्राकरवी चाळून त्याला अनुरूप जाहिराती शेजारी दाखवल्या जात. जाहिरातींसाठी पत्रे चाळणे थांबवू, असे कंपनीने २०१७ साली जाहीर केले. म्हणजे तेरा वर्षे ते चालू होते. मध्यंतरी, २०१० साली, रस्त्यांची छायाचित्रे टिपत फिरणाऱ्या तिच्या मोटारींनी घराघरांतील खुल्या वाय-फाय जाळ्यांमधून मजकुराचे तुकडेही उचलल्याचे तिला मान्य करावे लागले. मार्च २०१२ मध्ये तिने आपल्या साठाहून अधिक सेवांची गोपनीयता-धोरणे एकत्र केली आणि एका सेवेत मिळालेली माहिती दुसरीत वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१८ साली असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी दाखवून दिले की 'लोकेशन हिस्ट्री' बंद केली तरी माणूस कोठे गेला याची नोंद दुसऱ्या एका खात्यात होतच राहते. त्या प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील चाळीस राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. ठेव ठेवणारा विसरला आणि ठेव सांभाळणारा गप्प राहिला. न्यासापहाराचे याहून चपखल उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

येथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे मान्य करावयास हवा. साकारमंत्रभेदामागे पूज्यपादांनी असूयेसारखी कारणे सांगितली आहेत. गूगलला कोणाविषयी असूया नाही. आपण कोणाची वैयक्तिक माहिती विकत नाही, असे ती कंपनी सांगते, आणि शब्दशः पाहता तिचा धंदा माणसाविषयी बांधलेल्या अंदाजाच्या बळावर जाहिरातीची जागा विकण्याचा आहे. असूयेच्या जागी लोभ आहे, एवढेच.

अंदाज चुकला तर काय होते, याच्या दोन हकीकती पुरेशा आहेत. फ्लोरिडातील गेन्सव्हिल गावी मार्च २०१९ मध्ये एका वृद्धेच्या घरी चोरी झाली. पोलिसांनी त्या वेळी त्या परिसरात असलेल्या फोनांच्या नोंदी गूगलकडे मागितल्या. व्यायामासाठी सायकल चालवणारा एक तरुण त्या दिवशी त्या घरावरून तीनदा गेला होता आणि फोनमधील व्यायामाच्या अॅपने ते टिपले होते. जानेवारी २०२० मध्ये त्याला गूगलचे पत्र आले: सात दिवसांत न्यायालयात गेला नाहीत तर माहिती पोलिसांना दिली जाईल. वकिलाचा खर्च आईवडिलांनी सोसला म्हणून तो सुटला.

दुसरी हकीकत सॅन फ्रान्सिस्कोची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका पित्याने आजारी मुलाच्या अवघड जागेच्या सुजेची छायाचित्रे, वैद्यकीय सल्ल्यासाठी मागितली म्हणून, काढली. ती फोनमधून आपोआप गूगलच्या साठ्यात गेली आणि यंत्राने त्यांना बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य ठरवले. दोन दिवसांत त्याचे खाते बंद झाले; पत्रे, वर्षानुवर्षांची छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक, सारे एका क्षणी गेले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा घडलाच नाही असे नोंदवले. तरीही गूगलने खाते परत दिले नाही. बालकांचे शोषण रोखण्यासाठी अशी तपासणी आवश्यक आहे, हे खरे. पण निर्दोष ठरल्यावर दाद मागण्याचे दार कोठे असते, याचे उत्तर त्या पित्याला मिळाले नाही.

ही दुसरी हकीकत २०२२ साली जगापुढे आणणाऱ्या पत्रकार कश्मीर हिल यांनी त्याआधी, २०१९ मध्ये, एक प्रयोग केला होता. पाच मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी एकेकीला एकेक आठवडा आयुष्यातून पूर्णतः वगळावयाचे, असा तो संकल्प होता. इच्छाशक्तीवर विसंबून भागणार नव्हते, म्हणून एका तंत्रज्ञाने त्यांना अशी यंत्रणा उभी करून दिली की गूगलच्या ताब्यातील सुमारे ८७ लाख पत्त्यांपैकी एकाशीही त्यांच्या उपकरणांचा संपर्क होऊ नये. शोधयंत्र आणि टपाल बदलणे सोपे गेले. अडचण अनपेक्षित ठिकाणी आली. उबर आणि लिफ्ट गूगलच्या नकाशांवर चालत असल्याने बंद पडल्या. ड्रॉपबॉक्समध्ये प्रवेश मिळेना. कारण समोरची व्यक्ती मनुष्य आहे याची खातरजमा करणारी चाचणी गूगलची होती. बहुतेक संकेतस्थळे रेंगाळू लागली, कारण त्यांची अक्षरेसुद्धा गूगलच्या भांडारातून येत होती. दुकानाची पायरी चढावयाची नाही असे ठरवणाऱ्याला गावचा रस्ताच दुकानदाराच्या मालकीचा असल्याचे कळावे, तसे हे झाले.

ही मालकी आपोआप आली नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतील मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवली असा निर्णय दिला. फोनांत आणि ब्राउझरांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून तिने एकट्या २०२१ या वर्षी २,६३० कोटी डॉलर मोजल्याचे त्या खटल्यात उघड झाले. (मेहता यांचा जन्म गुजरातेतील पाटणचा; आचार्य हेमचंद्रांच्या ज्ञानसाधनेने पावन झालेले हेच ते पाटण.) माणसाने स्वेच्छेने दिले तर ते दत्त, न देता घेतले तर अदत्तादान, हा अचौर्यव्रताचा निकष. परंतु कोणी न वाचणाऱ्या लांबलचक अटींखाली 'मान्य आहे' असे दाबले, आणि दुसरा पर्याय समोर ठेवलाच नव्हता, तर त्या देण्याला दत्त म्हणावयाचे काय?

मग त्याग करावा तो किती? श्रावकाला महाव्रत सांगितलेले नाही, अणुव्रत सांगितले आहे. शोधासाठी २००८ पासून डकडकगो आहे; टपालासाठी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेले प्रोटॉन मेल आहे; नकाशांसाठी २००४ पासून लोकांनी मिळून घडवलेला ओपनस्ट्रीटमॅप आहे. ही ठिकाणे निष्कलंक आहेत असेही नाही. २०२१ साली स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण-कार्यकर्त्याच्या इंटरनेट पत्त्याची नोंद देणे भाग पडले. डकडकगोचा ब्राउझर मायक्रोसॉफ्टच्या काही मागोवा-यंत्रणांना अडवीत नाही हे २०२२ मध्ये बाहेर आले आणि त्याच वर्षी ते दुरुस्त करावे लागले. तरी एकाच घरी सर्व किल्ल्या असण्यापेक्षा चार घरी चार किल्ल्या असणे बरे. डेन्मार्कमध्ये तर हेलसिंगोर नगरपालिकेच्या शाळांतील गूगलच्या वापरावर तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बंदी घातली. दोन महिन्यांत ती स्थगित झाली, कारण मुलांचे वर्ग अडून राहिले होते. पण प्रश्न सुटला नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्रेपन्न नगरपालिकांना कारभार सुधारण्याचा आदेश निघाला. या साऱ्याचे मूळ एका पालकाच्या तक्रारीत होते.

गोपनीयतेचा हा आग्रह ज्ञान दडवण्याच्या बाजूचा आहे, असा गैरसमज होऊ नये. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीत बंद राहिली. १९३९ पासून प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली ती अमरावतीहून छापून येऊ लागली, तेव्हा समाजाचे भलेच झाले. सिद्धांत सर्वांचा असतो. आलोचना मात्र एकट्याची असते. म्हणूनच ती ऐकणारे आचार्य अपरिस्रावी, म्हणजे ऐकलेले झिरपू न देणारे, असावेत अशी अट शास्त्राने घातली. हल्ली आजार, कर्ज, संसारातील कलह यांची पहिली वाच्यता गुरूपुढे होत नाही, शोधयंत्रापुढे होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हाव्यात अशी योजना आहे. माहिती बाळगणाऱ्याला या कायद्याने जे नाव दिले आहे त्याचा अर्थ विश्वासाने ठेव सांभाळणारा असाच होतो. संगणकात नोंदी ठेवणारी धर्मादाय संस्थाही त्यातून सुटत नाही. वधू-वर परिचय पुस्तिकेसाठी मुलामुलींची जन्मवेळ, उत्पन्न, छायाचित्र आणि पत्ता गूगलच्या अर्जावर मागवला जातो. देणगीदारांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज, यात्रेकरूंची ओळखपत्रे यांचेही तेच. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगावे लागेल, आणि मागणाऱ्याला ते मराठीतून मिळण्याची सोय ठेवावी लागेल. काम झाले की नोंद पुसावी लागेल. लग्न ठरलेल्या मुलीचा अर्ज चार वर्षांनी कोणत्या खात्यात, कोणाच्या परवलीच्या शब्दाखाली पडून आहे, हे संस्थेच्या दप्तरी आजच लिहून ठेवता येते.