सैनिकाच्या मुलांचे शिक्षण : घरी की शाळेत?

(गुंजवणे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



राजगडाच्या पायथ्याशी उभे राहून सैनिकाच्या शौर्याविषयी बोलणे सोपे आहे. हा गड स्वराज्याची राजधानी होता तेव्हापासून गुंजण मावळातील पुरुष मोहिमेवर जात आले आणि मागे घर स्त्रियांनी सांभाळले. आज मला त्या मागे राहिलेल्या घरातील मुलांविषयी बोलावयाचे आहे. सैन्यात असलेल्या आपल्या बांधवांच्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, दर वेळी मुलांची शाळा मोडते. मग त्यांना घरीच शिकवून परीक्षेस बसविले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही स्पष्ट असले पाहिजे.

घरच्या शिक्षणाची ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत गृहशिक्षण पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे आणि तेथील अनेक सैनिकी कुटुंबे त्याचा अवलंब करतात. तेथे राज्य बदलले की अभ्यासक्रम बदलतो. ती अडचण कमी व्हावी म्हणून २००८ सालापासून राज्याराज्यांत करार करावा लागला. आपल्याकडेही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, किंवा आपल्या राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून, शाळेत न जाता दहावीची परीक्षा देता येते. ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले, त्यांच्यासाठी हे दार उघडे आहे, ही मोठीच सोय होय.

परंतु परीक्षा देता येणे वेगळे आणि शिक्षण होणे वेगळे. आपल्या सैनिकाची पत्नी गावी असते तेव्हा सासू-सासरे, गुरेढोरे, भाताची लावणी हे सारे तिच्या एकटीच्या माथी असते. आठवीचे बीजगणित आणि इंग्रजीही तिनेच शिकवावे, असे म्हणणे म्हणजे शाळेचे ओझे उचलून तिच्या डोक्यावर ठेवणे होय. शिवाय ज्या मुलाचे वडील वर्षातून महिना-दोन महिनेच दिसतात, त्याला सवंगड्यांची आणि गुरुजनांची गरज इतरांहून अधिक असते. म्हणून माझे मत असे की, आपल्या मुलांचे शिक्षण शाळेतच झाले पाहिजे.

मग कोणत्या शाळेत? देशाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. बदलीच्या नोकरांच्या मुलांना सर्वत्र एकच अभ्यासक्रम मिळावा म्हणून १९६२ साली केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि पुढील वर्षी २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली. आज केंद्रीय विद्यालयांची संख्या १,२०० हून अधिक आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या सैन्य कल्याण शिक्षण संस्थेच्या आर्मी पब्लिक स्कूल या शाळा छावण्यांतून आहेत. बेळगावची सैनिकी शाळा १९४५ सालची. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी आपल्या शेजारच्या साताऱ्यास निघाले. तेथे सहावीत आणि नववीत प्रवेशपरीक्षेने प्रवेश मिळतो. साठ वर्षे ते दार मुलग्यांपुरतेच होते. २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तेव्हा मुलास साताऱ्यास पाठवावे आणि मुलीस घरकामास ठेवावे, या जुन्या हिशेबाला आता कोणतीही सबब उरलेली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आपण बदल्यांचा विचार करतो, पण परत येण्याचा करीत नाही. सैनिकास पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि पुष्कळ जवान चाळिशीच्या आसपासच घरी येतात. त्या वेळी मुले सहावी ते नववीच्या दरम्यान असतात. छावणीच्या शाळेत हिंदी व इंग्रजीत शिकलेले मूल अशा ऐन वयात मराठी माध्यमाच्या शाळेत येऊन बसते. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच असल्यामुळे आपली फसगत होते. मूल धडा घडाघडा वाचते, पालक समाधान पावतात. आणि उत्तर लिहावयाची वेळ आली की वाक्य जुळत नाही, शब्दांची लिंगे चुकतात, 'ळ' चा 'ल' होतो. मूल मंद नसते. त्याला कोणी मराठीत लिहावयास शिकविलेलेच नसते.

येथे घराचे काम सुरू होते. शाळेने गणित शिकवावे, विज्ञान शिकवावे. मराठी मात्र घराने सांभाळावी. छावणीत असताना रोज अर्धा तास मराठीचे क्रमिक पुस्तक वाचावे, आणि आठवड्यास एक पत्र आजी-आजोबांस मुलाने स्वहस्ते लिहावे. हल्ली दूरध्वनीवर मुखदर्शनही होते, पण बोलण्याने लेखणी वळत नाही. हे काम अल्प शिकलेल्या आईलाही साधण्याजोगे आहे, आणि तिच्या मायेमुळे ते मुलास जड वाटत नाही.

क्रम असा असावा. लहान इयत्तांत, कुटुंब नेण्याची परवानगी असेल तेथे, मुलांनी आईवडिलांबरोबरच राहावे. बापाचा सहवास पुन्हा मिळत नाही. आघाडीवर बदली झाली की कुटुंब नेता येत नाही. तेव्हा आढेवेढे न घेता गावच्या शाळेत नाव घालावे. आठवी लागली की दहावी होईपर्यंत मुलांना हलवू नये. मग ते स्थान गाव असो, वसतिगृह असो की छावणी असो.

शाळा बदलताना दाखल्याची अडचण अनेकांना येते. त्यांनी हे ध्यानी ठेवावे की, १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षण हक्काच्या कायद्यान्वये आठवीपर्यंतच्या मुलास शासकीय वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेस प्रवेश अडविता येत नाही. गावी आलेल्या आमच्या भगिनींनी हे शांतपणे, पण ठामपणे सांगावे.

शेवटी आपल्या संस्थेसाठी तीन नम्र सूचना. पहिली, सैन्यातील प्रत्येक बांधवाच्या मुलांची नोंदवही ठेवावी : मूल कोणत्या इयत्तेत, कोणत्या माध्यमात, आणि परतण्याचा अंदाज कोणत्या साली. दुसरी, मे महिन्याच्या सुटीत गावी येणाऱ्या मुलांसाठी एक महिन्याचा मराठी लेखनाचा वर्ग चालवावा. आपल्यात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. तिसरी, सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती व अर्ज जिल्हा कार्यालयातून आणून घरोघर पोहोचवावेत, कारण त्यासाठी एकट्या बाईला पुण्यापर्यंत हेलपाटे घालणे कठीण जाते.

या कामांना मोठा निधी लागत नाही. सीमेवरील बांधवाला आपण सत्काराचा नारळ देतो, तो देतच राहू. पण त्याला खरी निश्चिंती हवी असते ती आपल्या माघारी मुलाची पाटी कोरी राहणार नाही याची. ती देणे आपल्या हाती आहे. ते काम येत्या मे महिन्यापासूनच आपण हाती घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.