वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर लिहिला होता

 

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "दादा, को-वर्किंगमध्ये सीट घेतोय, तिथे स्पीड किती हवं?" त्याचं उत्तर एका मिनिटात संपतं. चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. शंभर माणसं एकाच वेळी कॉलवर नसतात. आजकाल फायबरची लाईन घेतली की स्पीड ही बहुतेक ठिकाणी अडचण राहत नाही. तरीही अशा ठिकाणी नेटवर्कची वाट लागते, आणि लागते ती भलत्याच कारणाने. आज त्याबद्दल बोलू. यात माझ्या दोन चुका आहेत, त्या आधीच कबूल करतो.

मी हे काम पुण्यात करतो. डिप्लोमा केला, दोन वर्षं लोकांच्या घरी राऊटर बसवत फिरलो, आणि २०१८ मध्ये बाणेरला एका को-वर्किंगचं पहिलं मोठं काम मिळालं. एक मजला, ९६ सीट, १४ छोट्या कंपन्या. कुठे दोन माणसं, कुठे अकरा. मालक हौशी होते. कॉफी मशीन इटालियन, खुर्च्या भारी, भिंतीवर झाडं. नेटवर्कचं रॅक मात्र बाथरूमशेजारच्या झाडूच्या कपाटात. (हे मी आजपर्यंत बघत आलोय. रॅकला जागा शेवटी मिळते आणि ती नेहमी झाडूशेजारी असते.)

मी काय केलं? घरी करायचो तेच, फक्त मोठं. सहा ॲक्सेस पॉइंट छताला लावले, एक ४८ पोर्टचा स्विच, एक राऊटर, आणि सगळ्यांना एकच वाय-फाय, एकच पासवर्ड. तो पासवर्ड रिसेप्शनच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला होता, खाली स्मायली काढून. लोक खूष. मालक खूष. मी तर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

तीन महिन्यांनी सकाळी मालकांचा फोन आला. "ताबडतोब या."

झालं होतं असं. अकरा माणसांच्या कंपनीत एचआर बघणारी एक मुलगी होती, पहिलीच नोकरी. तिने पगाराची शीट प्रिंटला दिली. लॅपटॉपने तिला प्रिंटरची यादी दाखवली. त्या यादीत तिच्या कंपनीचा प्रिंटर होता आणि शेजारच्या दोन कंपन्यांचेही होते, कारण माझ्या नेटवर्कवर सगळे एकमेकांना दिसत होते. दोन प्रिंटर एकाच मॉडेलचे, नावही सारखंच. तिने चुकून दुसरा निवडला. काच ओलांडून पलीकडच्या टेबलावर अकरा जणांचे पगार छापून बाहेर पडले. तिथल्या कोणीतरी गंमत म्हणून फोटो काढला. दुपारपर्यंत त्या कंपनीतल्या एकाला कळलं, की त्याच्यानंतर लागलेल्या मुलाला त्याच्यापेक्षा नऊ हजार जास्त आहेत.

मी पोचलो तेव्हा ती मुलगी मीटिंग रूममध्ये रडत बसली होती. तिच्या साहेबांनी मला विचारलं, "यात हिची चूक किती?" मी म्हणालो, "यादीत ते प्रिंटर दिसायलाच नको होते. चूक माझी आहे." हे मी लगेच म्हणालो असं सांगायला आवडलं असतं. खरं तर मी आधी पाच मिनिटं प्रिंटरच्या कंपनीला दोष देत होतो.

आता यातलं तंत्र समजून घेऊ. जुना वाडा किंवा चाळ आठवा. चौक एक, नळ एक, जिना एक. पण प्रत्येकाच्या खोलीला दार असतं आणि दाराला कडी असते. मी काय बांधलं होतं? चौक, नळ, जिना सगळं होतं, खोल्यांना दारंच नव्हती. चौदा बिऱ्हाडं एका हॉलमध्ये झोपवली होती.

नेटवर्कमध्ये दार लावायची जी सोय आहे तिला व्हीलॅन म्हणतात. तार तीच, स्विच तोच. पण डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर एक नंबर चिकटवला जातो. दहा नंबरचा तुकडा दहा नंबरवाल्यांनाच दिसतो, वीसचा वीसवाल्यांना. असे चार हजारांवर नंबर असतात, त्यामुळे चौदा कंपन्या म्हणजे काहीच नाही. आणि गंमत म्हणजे, मी बसवलेल्या स्विचमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून होती. एक रुपया जास्त लागला नसता. मी ती उघडूनच बघितली नव्हती.

दोन रात्री बसून सगळं पुन्हा केलं. भिंतीवरचा प्रत्येक पॉइंट कुठल्या कंपनीचा ते शोधलं, लेबल लावली, कारण पहिल्या वेळी लेबलही लावली नव्हती. एक जण खाली टेस्टर लावतोय, दुसरा रॅकपाशी ओरडतोय, "लागला का? नाही? पुढचा!" पहाटे चार वाजेपर्यंत हेच.

वाय-फायचं काम त्याहून अवघड निघालं. माझा पहिला विचार सरळ होता: चौदा कंपन्या, चौदा वाय-फाय नावं. लावली. आणि वाय-फाय रडायला लागलं. का? कारण प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत ओरडून सांगतं, "मी इथे आहे." तेही सगळ्यात संथ गतीने, म्हणजे जुन्यातल्या जुन्या फोनलाही ऐकू जावं म्हणून. चौदा नावं गुणिले सहा ॲक्सेस पॉइंट. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: एक, सहा आणि अकरा. म्हणजे सगळी हवा हाका मारण्यातच संपते, बोलायला वेळच नाही. तेव्हा उलटं केलं. बाहेरून नाव एकच, पण प्रत्येक माणसाला स्वतःचा लॉगिन. तुम्ही तुमच्या नावाने आत शिरलात की सिस्टीम बघते तुम्ही कोणत्या कंपनीचे, आणि तुम्हाला त्याच खोलीत सोडते. कोणी नोकरी सोडली तर एकट्याचा लॉगिन बंद. सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसायला नको.

लोकांना हे आवडलं का? अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस. "टीव्हीवर स्क्रीन जात नाही." "कॉमन प्रिंटर दिसत नाही." बरोबरच आहे, दारं लावली की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. मग मीटिंग रूमचा टीव्ही आणि कॉमन प्रिंटर वेगळ्या खोलीत ठेवून तिकडे जायला मोजकी वाट करून दिली. एका पठ्ठ्याने तर वैतागून घरचा जुना राऊटर आणून भिंतीच्या पॉइंटला लावला. तो राऊटर "पत्ते मी वाटणार" म्हणून सगळ्यांना चुकीचे पत्ते वाटायला लागला आणि त्याच्याच कंपनीच्या निम्म्या लोकांचं नेट गेलं. दारं होती म्हणून बाकीचे तेरा वाचले. त्यानंतर स्विचमध्ये पत्ते वाटायचा हक्क फक्त आमच्याच राऊटरला ठेवला.

आता दुसरी चूक. ही जास्त जड आहे.

कंपन्यांना दारं लावली, पण पाहुण्यांचं वाय-फाय मी तसंच ठेवलं होतं. दिवसाचा पास घेऊन येणारे, मुलाखतीला आलेले, संध्याकाळच्या कार्यक्रमाला आलेले. त्यांना एकच पासवर्ड. फळ्यावर. स्मायलीसकट.

२०२१ चा नोव्हेंबर. लोक नुकते परत ऑफिसला यायला लागले होते. मालकांना पोलिसांकडून पत्र आलं. एका मुलीच्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडून तिच्या घरच्यांना घाणेरडे मेसेज पाठवले होते. त्यातला एक मेसेज आमच्या लाईनवरून गेला होता. पत्रात आयपी पत्ता होता, तारीख होती, रात्री ९ वाजून ५ मिनिटं ही वेळ होती. प्रश्न एकच: तेव्हा हे कोण वापरत होतं?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाहेरच्या जगाला आपला अख्खा मजला एकच पत्ता म्हणून दिसतो. आत शंभर फोन असोत की दोनशे, दारावरची पाटी एकच. कोणत्या फोनने काय मागितलं ही नोंद फक्त आपल्या राऊटरकडे असते. आमचा राऊटर नोंद सात दिवसच ठेवत होता. पत्र आलं तीन आठवड्यांनी.

आणि नोंद असती तरी काय? फोनचा हार्डवेअर पत्ता मिळाला असता, तोही खरा नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून वाय-फायला बनवलेला पत्ता दाखवतात. आपल्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण नावाशी जोडलेला लॉगिन नसेल, तर त्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही.

मग बघितलं सीसीटीव्ही. नऊ वाजून पाच मिनिटांना पाहुण्यांच्या भागात तीन जण दिसत होते. दोघं एकत्र, एकाच लॅपटॉपवर. तिसरा एकटा, फोनवर काहीतरी टाईप करणारा. दिवसाचा पास घेऊन यायचा, फ्रीलान्स डिझाईन करायचा, रूमवर चार जण असल्यामुळे रात्री उशिरापर्यंत इथेच थांबायचा. त्याला चौकशीला बोलावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी त्याचे वडील गावाहून आले. रिसेप्शनपाशी उभे राहून मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच कॉम्प्युटरचे ना? तुमच्या मशिनीत दिसत नाही का, आमचा पोरगा नव्हता म्हणून?"

मशिनीत काहीच दिसत नव्हतं.

शेवटी त्या मुलानेच रस्ता काढला. मला फोन दाखवत म्हणाला, "दादा, मी तेव्हा खाली टपरीवर होतो. हे बघा ना, चहाचे वीस रुपये. ९ वाजून ४ मिनिटं." यूपीआयची वेळ. आणि कॅमेऱ्यात तो ९:०५ ला वर बसलेला. दोन्ही खरं कसं असेल? मी डीव्हीआरसमोर जाऊन उभा राहिलो, हातात मोबाईल धरला. डीव्हीआरचं घड्याळ १४ मिनिटं पुढे होतं. आम्ही सगळे ज्याला नऊ-पाच समजत होतो ते खरं तर ८:५१ होतं. खऱ्या नऊ-पाचचं चित्र काढलं, तर त्याची खुर्ची रिकामी.

त्याला परत बोलावणं आलं नाही. मेसेज कोणी पाठवले, ते आमच्याकडून कधीच कळलं नाही. त्या मुलीला उत्तर द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं, ही गोष्ट मला अजून टोचते. त्या मुलाने पासचे पैसे परत मागितले नाहीत, पण तो परत आलाही नाही.

पुढच्या वर्षी, २८ एप्रिल २०२२ ला, सर्ट-इनचे निर्देश आले. सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था. त्यात कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना सांगितलं की सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस ठेवा, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवा, आणि घड्याळं सरकारी वेळेच्या सर्व्हरशी जुळवून ठेवा. ते घड्याळाचं कलम वाचून बरेच लोक हसले, की हे काय लिहायची गोष्ट आहे? मी नाही हसलो.

आता आमच्याकडे पाहुण्यांना मोबाईल नंबर टाकून ओटीपी घ्यावा लागतो, विमानतळावर असतो तसा. डीव्हीआर, राऊटर, स्विच सगळे एकाच ठिकाणाहून वेळ घेतात. फळ्यावर आता कॉफीचे भाव आहेत.

तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात आत्ता आलं असेल, "म्हणजे हे लोक माझं सगळं बघतात?" रास्त शंका. कोणत्या फोनने, केव्हा, कुठल्या सर्व्हरशी जोडणी केली, साधारण कोणती साईट, हे नेटवर्कवाल्याला कळू शकतं. साईटला कुलूप असेल तर आत काय वाचलं, काय लिहिलं ते कळत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज मला दिसत नाहीत, मालकांनाही नाही. फक्त कोणी "आमचं सर्टिफिकेट फोनमध्ये टाका" म्हणालं, तर आधी का ते विचारा. ते टाकलं की कुलुपाची चावी दिल्यासारखं होऊ शकतं.

तर पुढच्या वेळी सीट बघायला जाल, तेव्हा स्पीड टेस्ट करा, हरकत नाही. पण त्यानंतर फोनवर प्रिंटरची यादी उघडा, किंवा यूट्यूबवरचं कास्टचं बटण दाबा. शेजारच्या कंपनीचा टीव्ही दिसला, तर तुमचा लॅपटॉपही त्यांना दिसण्याची शक्यता आहे. मग मॅनेजरला विचारा, "आमचं नेटवर्क वेगळं आहे का?" आणि "पाहुण्यांची नोंद किती दिवस ठेवता?" तो गोंधळला तर रॅक दाखवायला सांगा. झाडूच्या कपाटात असेल.

ती एचआरवाली मुलगी नंतर दोन वर्षं तिथेच होती. प्रत्येक प्रिंटआधी मला मेसेज करायची: "दादा, हाच ना?"

पुढच्या भागात एक मजेशीर प्रकरण: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाईन घेतल्या, आणि पावसाळ्यात दोन्ही एकदम गेल्या. कारण दोन्ही एकाच खांबावरून येत होत्या. भेटू.