शास्त्र सांगायलाही शिकवा



आम्ही विद्यापीठाची पायरी चढलो ती मोर्चा घेऊन, शिकायला नव्हे. तरी जळगाव-धुळ्याच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांविषयी बोलण्याचे धाडस करतो; त्यांचे ज्ञान आमच्या भाकरीशी बांधलेले आहे.

2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली. कापूस आला नाही की जिनिंगमधल्या मजुराची चूल विझते. त्या काळी बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचे पाकीट येई. ते शेताच्या कडेने लावायचे असे. पुष्कळांनी ते फेकून दिले. त्यांना मूर्ख कसे म्हणावे? पाकिटामागचे कारण त्यांच्या भाषेत सांगितले किती जणांनी?

कारण सोपे आहे. काही अळ्या बीटीचे विष पचवतात. त्यांचे पतंग आपसांतच जुळले, तर सारी पिलावळ तशीच निपजते. साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगांशी ते जुळले, तर पुढची पिढी बहुधा पुन्हा विषाला बळी पडते.

एवढेच अहिराणीत, जिनिंगच्या फाटकावर सांगता येणे, हीही एक परीक्षा असावी. संघटनेत आम्ही शिकलो की टाळ्या मोजू नयेत. ऐकणाऱ्याकडून तेच परत वदवून घ्यावे. विद्यार्थ्याला गुणही तसेच द्यावेत.

2018 साली आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती, पण तिचे बोलणे शेतकऱ्याला कळत होते. नाव घेतले आहे, तर तेवढे ऋण फेडावे.