कुरुंदवाड : संगमाकाठचे नगर आणि त्याचा कारभार



गावाचा भूगोल शाळेच्या पुस्तकात आणि गावाचा कारभार कचेरीत, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे नगर पाहिले, म्हणजे या दोन्ही गोष्टी किती एकजीव आहेत हे ध्यानी येते.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या प्रवाहांतून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते. ती कोल्हापूर, इचलकरंजीवरून पूर्वेकडे वाहत येऊन नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या संगमाच्या दक्षिणेस कुरुंदवाड वसले आहे. भूमी सपाट व काळी. पीक मुख्यतः उसाचे. नदीने गाळ आणून ही भूमी संपन्न केली आणि पुराचे भयही तिनेच दिले. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. फुग मागे चढत जाते. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांच्या महापुरांनी संगमाकाठच्या वस्तीला हा धडा तीन वेळा दिला.

पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. 1854 साली त्या संस्थानाच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. 1948 साली दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि दरबाराचा कारभार संपला. आज येथे 'क' वर्गाची नगरपरिषद आहे. पलीकडच्या तीरावरील नृसिंहवाडीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे. नदी एकच, परंतु एका काठाचे नियम 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचे, तर दुसऱ्या काठाचे ग्रामपंचायतीच्या कायद्याचे. पाणी ही सीमा ओळखत नाही; म्हणून पुराच्या प्रसंगी दोन्ही संस्थांना हातात हात घालूनच काम करावे लागते.

1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय नमूद आहेत. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नगराध्यक्ष व नगरसेवक लोकांनी निवडलेले, तर मुख्याधिकारी शासनाने नेमलेला. या दोन चाकांवर गाडा चालतो.

या कारभाराची खरी कसोटी बांधकाम परवान्यात लागते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखली जाते. परंतु उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या जागेवर भराव टाकण्याचा मोह अनेकांना होतो. नगरसेवकाकडे जाऊन "आमच्यापुरते चालवून घ्या" असे म्हणणारा नागरिकच पुढे श्रावणात मदतकेंद्राच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या भरावाने अडलेले पाणी मात्र शेजाऱ्याच्या घरात शिरलेले असते. शेताचेही तसेच. उसाला अमर्याद पाणी दिल्याने या तालुक्यातील कितीतरी जमीन क्षारपड झाली. तिचा निचरा एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर होत नाही. त्यासाठी चर सामाईक काढावे लागतात.

शिरोळ तालुक्यातील अनेक जैन शेतकरी कुटुंबे याच काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबली आहेत. गरजेपुरते पाणी, हक्कापुरती जागा आणि वेळेवर भरलेली घरपट्टी, एवढे व्रत जरी घरोघर पाळले गेले, तरी नगरपरिषदेचे अर्धे काम हलके होईल. नदीला तिची जागा मोकळी ठेवणारे नगरच नदीकाठी टिकते.